एकशे आठ दिवसांचा बाप

यिन्हुआचा जन्म 23 ऑगस्ट 1942 चा. त्याचे वडील त्याच वर्षी 9 डिसेंबरला पहाटे गेले. मुलगा तेव्हा 108 दिवसांचा होता आणि वडील 32 वर्षांचे. उत्तर चीनमधल्या हपे प्रांतात, तांग परगण्यातल्या गेगोंग नावाच्या खेड्यात हे घडलं. बाहेर जपानी फौजांचा वेढा आवळत चालला होता. मुलाची आई शान्शी प्रांतातली परिचारिका, आणि वडील सोलापूरचे, द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

सोलापुरात हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. सात रस्त्यावरून रिक्षात बसलं की थोड्या वेळात भैय्या चौक येतो. तिथलं कोटणिसांचं घर आता स्मारक झालं आहे. शाळेत आपण सगळ्यांनीच त्यांच्यावर निबंध लिहिले: चीनला गेलेले थोर डॉक्टर, दोन देशांमधला दुवा, सेवेसाठी प्राण वेचणारे. त्यातलं काही खोटं नाही. पण या निबंधांत एक गोष्ट सुटते. कोटणीस फौजेत होते. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचा राखाडी गणवेश त्यांच्या अंगावर होता, आघाडीवर पलटणीबरोबर त्यांची वस्ती होती आणि मरण आलं तेव्हा ते त्या सेनेच्या एका रुग्णालयाचे प्रमुख होते. म्हणजे त्यांचं घर हे फौजीचं घर होतं. ज्या घरातला माणूस फौजेत जातो आणि परत येत नाही, त्या घराला जे जे सोसावं लागतं ते सगळं या घराच्या वाट्याला आलं. फरक एवढाच, की त्यांची फौज परक्या देशाची होती आणि घराकडे पाहणारं सरकार आपलं नव्हतं.

या लेखात मला डॉक्टरांच्या थोरवीपेक्षा त्या घराविषयी लिहायचं आहे. शांताराम, द्वारकानाथ आणि यिन्हुआ या तीन पिढ्यांच्या बाप-लेकांविषयी, आणि ज्यांनी त्यांची आठवण जपली त्या बायकांविषयी.

द्वारकानाथ यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचाच. घर मोठं: दोन भाऊ, पाच बहिणी. वडील शांतारामपंत गिरणीत नोकरीला. सोलापूर तेव्हा भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर झोपायचं. जुनी गिरण 1877 ची. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आसऱ्याने शहर वाढलं. अशा गावातल्या नोकरदार माणसाने पोराला मुंबईला पाठवून शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर करणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सगळ्या घराने पोटाला चिमटा काढल्याशिवाय ते होत नसे.

त्या पिढीच्या सोलापूरकरांच्या मनात फौजेचं चित्र कसं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं. 8 मे रोजी गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर काही दिवस गोऱ्यांचा अंमल शहरात उरलाच नाही. मग 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि रस्त्यांवर लष्कर आलं. गांधी टोपी घातली म्हणून माणसांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. ते आपले चार हुतात्मे. संगीन लावलेला शिपाई म्हणजे दडपशाही, हेच त्या वर्षी सोलापूरने पाहिलं. त्याच गावातला मुलगा आठ वर्षांनी स्वतःहून एका सेनेच्या मदतीला निघाला. त्यावरून ते सैन्य त्याला कोणत्या बाजूचं वाटलं असेल याचा अंदाज येतो.

7 जुलै 1937 रोजी पेकिंगजवळच्या पुलावर चकमक झडली आणि जपानने चीनवर उघड युद्ध लादलं. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. 1938 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं. चीन दिन पाळले गेले, वर्गणी गोळा झाली, 22,000 रुपये जमले. एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवायचं ठरलं. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे मदनमोहन अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने काम करून आलेले. नागपूरचे चोळकर हे वयाने सगळ्यांत वडीलधारे. कलकत्त्याचे देबेश मुखर्जी आणि विजयकुमार बसू. आणि पाचवे आपले कोटणीस, पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत असलेले, 27 वर्षांचे.

घरी हे कळलं तेव्हा काय झालं, ते त्यांची बहीण मनोरमाबाई पुढे सांगत असत. चीनविषयी घराला माहिती ती केवढी? चिनी रेशीम विकायला लोक येत, एवढीच. जिथून रेशीम येतं त्या देशात आपला पोरगा लढाईच्या तोंडी जाणार, हे आईच्या मनाला पटणं अवघड होतं. परवानगी मिळाली. मला इथे शांतारामपंतांचं मोठेपण दिसतं. मुलगा डॉक्टर झाला, आता दवाखाना घालेल, संसाराला हातभार लावेल, अशा वेळी त्याला जा म्हणायचं, तेही ज्या लढाईशी आपला काडीचा संबंध नाही तिथे. बोलणी वर्षभराची होती. वर्षाने परत येईल, या हिशेबावर घराने मन घट्ट केलं असणार.

मुंबईत निरोपाच्या सभेला सरोजिनी नायडू होत्या. 1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक निघालं. ही बोट पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने लढाऊ कामाला घेतली आणि एप्रिल 1941 मध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडवली. ज्यांना ती घेऊन गेली त्यांच्यापैकी चौघे मायदेशी परतले.

17 सप्टेंबरला पथक कँटनला पोचलं. तिथून हँकाऊ, मग यांगत्सेने वर चुंगकिंग. जपानी फौज मागून शहरामागून शहर घेत येत होती आणि ही माणसं जखमींवर उपचार करत पुढे सरकत होती. चुंगकिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे तान युनशान त्यांना भेटले. त्यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात.

आणि चुंगकिंगलाच, येनानला निघायच्या तोंडावर, घरचं पत्र आलं. वडील गेले होते.

इथे जरा थांबायला हवं. त्या काळी हे अंतर आगगाडीचं नव्हतं, विमानाचं तर नव्हतंच. पत्र पोचेपर्यंत तेरावा कधीच होऊन गेलेला. मुलाला अग्नी देता आला नाही, पाणी देता आलं नाही, दिवस करता आले नाहीत. आपल्याकडे लेकाने बापाच्या शेवटच्या घटकेला जवळ नसणं ही आयुष्यभर टोचणारी गोष्ट समजतात. पथकातल्या सहकाऱ्यांनी त्यांना सांगितलं, तू परत जा, घराला तुझी गरज आहे. परत फिरायला याहून रास्त कारण काय असतं? कुणी नाव ठेवलं नसतं. वर्षाची मुदत आठ महिन्यांत सरणारच होती. कोटणिसांनी नाही म्हटलं आणि ते उत्तरेकडे गेले.

त्यांच्या निर्णयाचं कौतुक करणं सोपं आहे. पण त्या निर्णयाचा भार सोलापुरातल्या आईने आणि बहिणींनी उचलला, हेही तितकंच खरं. सैन्यात गेलेल्या माणसाच्या शौर्याचा अर्धा खर्च घर भागवत असतं. माझ्या मते कोटणिसांची गोष्ट तिथूनच सुरू होते. बापाचं मरण बाजूला ठेवून पुढे गेलेला हा माणूस साडेतीन वर्षांनी स्वतः बाप झाला, आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला तो आला फक्त साडेतीन महिने.

12 फेब्रुवारी 1939 रोजी पथक येनानला पोचलं आणि आठव्या मार्ग सेनेत रुजू झालं. वर्षभरात पथक विस्कटत गेलं. मुखर्जी आणि चोळकर परतले, मग त्वचेच्या विकाराने अटलही परतले. उरले बसू आणि कोटणीस. दोघांनी आघाडीवर पाठवण्याचा आग्रह धरला. 1940 च्या उन्हाळ्यात ते वू-थाय डोंगराच्या भागातल्या, जपानी तळांनी चारी बाजूंनी घेरलेल्या मुक्त प्रदेशात पोचले. तिथे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधी होती. हे कॅनडाचे शस्त्रवैद्य. शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून 12 नोव्हेंबर 1939 रोजी ते गेले होते. हातमोजे नव्हते, औषध नव्हतं.

या समाधीच्या सोहळ्याला एक तरुण परिचारिका हजर होती. मिशनरी रुग्णालयात शिकलेली, आता सैन्याच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवणारी. तिचं नाव गुओ चिंगलान. तिथे तिने पहिल्यांदा हा सावळा भारतीय डॉक्टर पाहिला. तो चिनी बोलत होता, आणि नुसता बोलतच नव्हता, वाचतही होता, याचं तिला नवल वाटलं.

ऑगस्ट 1940 मध्ये शंभर रेजिमेंटांचा हल्ला म्हणून ओळखली जाणारी मोठी मोहीम उघडली. बसू आणि कोटणीस वेगवेगळ्या भागांत नेमले गेले. आघाडीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ जाऊन टेबल मांडायचं, ही बेथ्यूनने घालून दिलेली रीत. जखमी माणूस डोंगरातून खांद्यावरच्या डोलीत तास न् तास हिंदकळत मागे आला की हातपाय कुजून गेलेले असत, म्हणून डॉक्टरनेच पुढे सरकायचं. गावातलं देऊळ किंवा एखादं शेतकऱ्याचं घर, तिथे फळ्या टाकून टेबल. पट्ट्या धुऊन वाळवून पुन्हा वापरायच्या. भूल देण्याचं औषध मोजून मापून. मोहिमेच्या एका टप्प्यात 13 दिवसांत 800 हून अधिक जखमी त्यांच्याकडे आले आणि त्यांतल्या 558 जणांवर कोटणिसांनी शस्त्रक्रिया केल्या. दिवसाला चाळीसच्या वर. एकदा तर सलग तीन दिवस तीन रात्री ते टेबलापासून हलले नाहीत, असं तिथले लोक सांगतात.

आकडा ऐकून आपण थक्क होतो आणि पुढे जातो. पण 558 म्हणजे 558 घरं. त्या प्रत्येक पोराचा बाप कुठेतरी कांगाच्या शेतात वाट पाहत होता. ज्याने स्वतःच्या बापाला पाणी दिलं नाही, त्याने इतक्या बापांचे मुलगे परत पाठवले. तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना ‘काळी आई’ असं म्हणायला सुरुवात केली होती. जखमींना स्वतः भरवायचे, उठाबसायला आधार द्यायचे, म्हणून आई.

जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. बसू येनानला परतले. आता पाचांतला एकच भारतीय आघाडीच्या मुलखात उरला. रुग्णालय म्हणजे गेगोंगच्या आसपासच्या खेड्यांमधून विखुरलेल्या खोल्या. शत्रू आला की रुग्णांसकट, अवजारांसकट डोंगरात जायचं, तो गेला की पुन्हा यायचं. दिवसा शस्त्रक्रिया, संध्याकाळी विद्यार्थ्यांना चिनी भाषेत तास, रात्री कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिणं. एक पुस्तक पुरं झालं. दुसरं अर्धं राहिलं.

25 नोव्हेंबर 1941 रोजी गुओ चिंगलान आणि द्वारकानाथ यांचं लग्न झालं. पुढल्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. सेनापती निए रोंगचेन यांनी नाव सुचवलं, यिन्हुआ. भारत आणि चीन या दोन्हींच्या नावांतलं एक एक अक्षर.

कोटणिसांना तोवर फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. पट्टकृमीच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचून होणारा हा विकार. त्या भागात, त्या उपासमारीत, मिळेल ते खाऊन दिवस काढणाऱ्यांना होण्याजोगाच. वरिष्ठांनी उपचारासाठी बाहेर जायला सुचवलं. ते गेले नाहीत. 8 डिसेंबरच्या रात्री पाठ्यपुस्तकाचं काम चालू असताना झटका आला, मग एकामागून एक येत राहिले. पहाटे सव्वासहाला सगळं संपलं. तांग परगण्यात बेथ्यूनच्या शेजारी त्यांना मूठमाती दिली गेली. 1953 मध्ये दोघांचीही समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत हलवण्यात आली.

जे चिनी पोरगं टेबलावर मरणार होतं ते वाचलं असेल, त्याने शेती केली असेल, नातवंडं खेळवली असतील. डॉक्टरांचा स्वतःचा मुलगा मात्र बापाला फोटोतून ओळखणार होता.

भारतात बातमी पोचायला वेळ लागला. जग युद्धात होतं, बर्मामार्ग तुटला होता. चाऊ एन-लाय यांनी मार्च 1943 मध्ये कुटुंबाला सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्याच वर्षी बसू परतले, आणि कोटणिसांचे शेवटचे दिवस कसे गेले ते सांगू शकणारा माणूस देशाला मिळाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1944 मध्ये या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच ‘एक जण परत आला नाही’ असा अर्थ होता. त्यावरून व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. डॉक्टरांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, पत्नीची जयश्रीबाईंनी, संगीत वसंत देसाईंचं. वडिलांचं नाव शांताराम आणि पडद्यावर मुलगा झाले तेही शांताराम, हा योगायोग मला नेहमी हलवून जातो.

त्या चित्रपटाच्या अखेरीला मरणाच्या दारातला डॉक्टर पत्नीला आपल्या घरी जायला सांगतो, आणि तिथे कोण भेटेल, काय दिसेल, ते एकेक करून वर्णन करतो. प्रेक्षक हमसून रडत. प्रत्यक्षात गुओ चिंगलान भारतात आल्या 1958 मध्ये, चित्रपटानंतर बारा वर्षांनी. सासू-सुनेचं, नणंद-भावजयीचं नातं इतकी वर्षं कागदावरच चाललं. एकमेकींची भाषा येत नाही, एकमेकींना पाहिलेलं नाही. मधे बुद्ध सोडला तर समान देव नाही. दोघींमध्ये एकच माणूस, आणि तो मेलेला. तेवढ्यावर ते नातं पुढे पन्नासहून अधिक वर्षं टिकलं. आपल्या समाजात, नवरा गेल्यावर एकाच गल्लीतल्या सासर-माहेरात दोन वर्षांत बोलणं बंद झालेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

मग 1962 उजाडलं. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. महाराष्ट्राच्या गावागावांतले जवान हिमालयात थंडीने गोठले, गोळ्यांनी पडले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला असं तेव्हा म्हटलं गेलं. 21 नोव्हेंबरला युद्ध थांबलं. त्यानंतर अठराच दिवसांनी कोटणिसांचा विसावा स्मृतिदिन होता.

कोटणिसांच्या घराने तो दिवस कसा काढला असेल याचा विचार केल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. ज्या सेनेसाठी भाऊ मेला तीच सेना आता आपल्या पोरांवर गोळ्या झाडून गेली होती. शेजारच्या घरात वीरपत्नी असेल, तिच्यासमोर भावाचा चिनी गणवेशातला फोटो भिंतीवर ठेवायचा की उतरवायचा? तिकडे वीस वर्षांचा यिन्हुआ, ज्याच्या नावातच भारत आहे, चीनमध्ये मोठा होत होता. त्याने वर्गात हजेरीला ते नाव उच्चारलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल? मेलेल्या माणसाला देशांचं भांडण कळत नाही, पण त्याची आठवण ठेवणाऱ्यांना ते रोज कळतं. कोटणिसांच्या बहिणींनी आणि पत्नीने तो काळ पार केला आणि संबंध तुटू दिला नाही. आठवण जपणं हे त्या घरात काम होतं, आणि कामासारखंच ते केलं गेलं: पत्रं लिहून, येणाऱ्याला सामोरं जाऊन, विचारेल त्याला पुन्हा तेच सांगून.

यिन्हुआ वडिलांच्या वाटेने निघाला होता. शीआनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकत होता. 1967 मध्ये, डॉक्टर होऊन बाहेर पडायच्या तोंडावर, तो आजारी पडला आणि उपचारातल्या चुकीने दगावला. पंचविशी पुरी झाली नव्हती. 558 शस्त्रक्रिया करणाऱ्याचा मुलगा उपचाराच्या चुकीने गेला. एवढ्या दुष्ट योगावर काही बोलावंसं वाटत नाही. शांताराम कोटणिसांची ती शाखा तिथे खुंटली.

राहिल्या बायका. गुओ चिंगलान यांनी पुढचं आयुष्य तालिएन शहरात काढलं. पुन्हा पुन्हा भारतात येत राहिल्या. 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताव यांच्याबरोबर आल्या तेव्हा त्यांनी नव्वदी गाठलेली होती. 28 जून 2012 रोजी त्या वारल्या, 96 व्या वर्षी. म्हणजे लग्नाचं एक वर्ष आणि आठवणीची सत्तर वर्षं. इकडे मुंबईत मनोरमाबाई. चीनचा कोणी मोठा नेता भारतात आला की कोटणिसांच्या घरच्यांना भेटायचं, ही पद्धतच पडून गेली होती. मे 2013 मध्ये पंतप्रधान ली खछियांग मुंबईला आले तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या मनोरमाबाई चाकाच्या खुर्चीतून त्यांना भेटल्या. चीनने 1982 मध्ये कोटणिसांवर टपाल तिकिटं काढली, भारताने 1993 मध्ये काढलं. तिकिटं सरकारं काढतात. पण सरकारने कोणाला विचारून खात्री करायची, तर ते या दोघींना.

आता सात रस्त्याकडे येतो. कारण हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर इथले लोक आहेत.

नोव्हेंबर आला की बँकांमध्ये पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्या रांगेत सैनिकांच्या विधवा वेगळ्या ओळखू येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याच्या फायलीत पेन्शनचा आदेश, नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. एका आजींचं डिस्चार्ज बुक मी हातात घेऊन पाहिलं आहे. पहिल्याच पानावर उंची, छाती, उजव्या भुवईवरचा व्रण, भरतीची तारीख. पुढे कोणत्या ठाण्यावर किती काळ. शेवटी वर्तणुकीचा शेरा, अतिशय चांगली. आजींना वाचता येत नव्हतं, पण कोणत्या पानावर काय आहे ते बरोबर सांगत होत्या. व्रणाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बैलानं मारलेलं, ल्हानपणी." सरकारी कागदावर फक्त खूण होती. तिच्यामागची गोष्ट आजींपाशी होती.

सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातून पलटणींना माणसं पिढ्यान् पिढ्या गेली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 च्या अखेरीपर्यंत, उपासमारीने घोडी-खेचरं कापून खाण्याची वेळ येईपर्यंत त्या तग धरून राहिल्या, आणि मग शरणागती. कैदेतल्या वाटचालीत किती गेले त्याची गणती नाही. युद्ध संपल्यावर सरकारने गावोगाव दगडी पाट्या बसवल्या. दक्खनच्या खेड्यांत त्या अजून सापडतात, कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे देवळापाशी. या गावातून इतके जण महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नाव एकही नाही.

खुद्द मेसोपोटेमियातल्या, बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही हेच झालं. 1929 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. नावं वेगळ्या वहीत. नव्वदहून अधिक वर्षांनी, एप्रिल 2021 मध्ये, कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाने स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. ज्या आयाबायांनी ती माफी ऐकायला हवी होती त्या कधीच मातीत गेल्या.

म्हणून कोटणिसांचं घर मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या माणसाचं नाव आकड्यात हरवलं नाही, ते केवळ तो थोर होता म्हणून नव्हे. शंभर रेजिमेंटांच्या हल्ल्यात त्यांच्यासारखेच राबलेले कितीतरी डॉक्टर, परिचारिका, डोलीवाहक निनावी गेले. कोटणीस उरले कारण बसूंनी येऊन सांगितलं, अब्बासनी लिहिलं, शांतारामांनी दाखवलं, आणि या सगळ्यांच्या आधी आणि नंतर दोन बायकांनी सोडलं नाही. मनोरमाबाईंचा भाऊ आणि चिंगलानबाईंचा नवरा, ही ओळख त्यांच्या थोरवीच्या आधीची होती.

आपल्याकडच्या बहुतेक फौजी घरांत सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. पासष्टच्या, एकाहत्तरच्या लढाईतले सुभेदार, हवालदार हळूहळू कमी होत चालले आहेत. त्यांच्या नातवंडांना आजोबा फौजेत होते एवढं ठाऊक असतं. पलटण कोणती, ठाणं कुठलं, सोबत कोण होतं, विचारलं तर पोरं आईकडे पाहतात आणि आई आजीकडे. कागद मात्र घरात असतात. ट्रंकेच्या तळाशी, पदकांच्या डबीत, कधी देवघरातल्या पोथीच्या फडक्यात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. सैन्य क्रमांक हाताशी असेल तर तिथून सेवेचा तपशील मागता येतो. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांची नावं युद्धस्मशान आयोगाच्या यादीत शोधता येतात, बसऱ्याच्या त्या वेगळ्या वहीतलीही आता त्यात आहेत; अनेक नावांपुढे बापाचं नाव आणि गावही लिहिलेलं असतं, इंग्रजी वळणाने मोडतोड झालेलं, पण गावच्या माणसाला ओळखू येईल असं.

बँकेतल्या त्या आजींच्या नातीने मी असतानाच मोबाइलवर डिस्चार्ज बुकाच्या पानांचे फोटो काढायला सुरुवात केली होती. भुवईच्या व्रणापाशी ती थांबली, आजीला पुन्हा विचारलं, बैल कोणाचा, कुठल्या शेतात, आणि आजींचं उत्तर फोटोखाली टाइप केलं.